महाळुंग्याचा मॅग्नेटो

जुन्नरच्या पेठेत महंमद हनीफ मिस्त्रीचं दुकान होतं, त्या वेळची ही हकीकत. मोठी लढाई संपून बरीच वर्षं झाली होती. गावात टांगे होते, बैलगाड्या होत्या, आणि मोटार म्हणावी अशी एकच होती, हौशीराम शेठची.

शेठ हिरड्याचे व्यापारी. मुंबईला माल पाठवता पाठवता त्यांना मोटारीचं वेड लागलं, आणि एका लिलावात त्यांनी लढाईच्या आधीची एक फ्रेंच गाडी घेतली. लाल रंगाची, शर्यतीसाठी बांधलेली. वर टप नाही, बाजूला दारं नाहीत, बसायला जेमतेम दोघांना जागा. ती चालवायला शेठनी हनीफचा धाकटा भाऊ वजीर ठेवला होता. वजीर त्या गाडीला बायकोपेक्षा जास्त जपतो, असं पेठेत म्हणत.

त्या पावसाळ्यात गाडीचा मॅग्नेटो गेला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र; घोड्याच्या नालेसारखी लोहचुंबकं आणि त्यांच्या मधोमध फिरणारा एक दांडा. तो गेला की बाकीची गाडी नुसतं लोखंड. हनीफने तो उघडून पाहिला. आतली तार जळून काळी पडली होती. तो पुण्याच्या लष्कर भागात जाऊन आला, मुंबईचे सगळे कारखाने हिंडला. एका म्हाताऱ्या पारशी मिस्त्रीने तो तुकडा हातात घेतला आणि सांगितलं की ही गाडी बनवणारी कंपनीच लढाईत बुडाली, आता हिचा खिळासुद्धा मिळायचा नाही. मात्र अशाच दोन गाड्या एका बोटीतून उतरलेल्या त्याने पाहिल्या होत्या. दुसरी नगरच्या छावणीतल्या एका साहेबाने नेली होती.

इकडे शेठ कंटाळले. दिवाळीपर्यंत गाडी सुरू झाली नाही तर ती भंगारात काढीन, मग ड्रायव्हर तरी कशाला हवा, असं त्यांनी वजीरला तोंडावर सांगितलं. वजीरचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यांची आई बिबिजान ताटात उरलेलं अन्न उचलताना हनीफकडे बघायची.

मग सोमाजी गाडीवानाकडून पत्ता लागला. तो हिरड्याची पोती वाहायचा. आंबेगावकडे, महाळुंगे पडवळला गेणभाऊ म्हणून एका शेतकऱ्याच्या गोठ्यात अगदी अशीच एक मोडकी गाडी पडलीय, असं तो सहज बोलून गेला. हनीफ दुसऱ्याच दिवशी पहाटे टांगा जोडून निघाला.

गेणभाऊचं घर गावाबाहेर ओढ्याच्या काठी होतं. दुपार झाली होती, पण आभाळ इतकं खाली आलं होतं की गोठ्यात कंदील लावावा लागला. गेणभाऊ वाळलेल्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने हनीफच्या येण्याचं कारण ऐकून घेतलं, एकदा शेताकडे नजर टाकली आणि घाईने त्याला आत नेलं.

गोठ्यात जनावर एकही नव्हतं. शेण-गवताचा वास नव्हता. वास होता तेलाचा आणि उदबत्तीचा. गाडीचं पुढचं चाक नव्हतं, एक बाजू चेपून आत गेली होती. पण पितळ लख्ख होतं. कुणीतरी ते रोज राखेने घासत असावं.

गेणभाऊने थोडक्यात सांगितलं. त्याचा एकुलता एक मुलगा कुंडलिक नगरच्या साहेबाकडे ड्रायव्हर होता. आणे घाटात साहेबाने स्वतः गाडी चालवायला घेतली आणि गाडी उलटली. साहेब बाहेर फेकला गेला, वाचला, विलायतेला गेला. कुंडलिक गाडीखाली सापडला. मोडकी गाडी साहेबाने आई-बापाला देऊन टाकली. पोराच्या बदल्यात.

"माजी मंडळी, अंबा, रोज दिवेलागणीला हितं येऊन बसती," गेणभाऊ म्हणाला. "आन मंग ह्यातनं आवाज येतो... भुंगा घुमल्यावानी. ती त्याच्याशी बोलत बसती. घरात जेवाण थंड व्हतं." त्याने कंदील वर धरला. "मिस्तरी, तुमाला पायजे ते काढून न्या. ती यायच्या आत न्या."

दुःखाने माणसाला काहीही ऐकू येतं, असं मनाशी म्हणून हनीफने बॉनेट उचललं. मॅग्नेटो जागेवर होता, शाबूत होता, गंजाचा डागही नव्हता. त्याने पाना लावण्यासाठी डावा हात इंजिनावर टेकवला आणि चटकन मागे घेतला.

इंजिन ऊबदार होतं. नुकतंच दूरवरून येऊन थांबल्यासारखं.

गेणभाऊ त्याच्याकडेच बघत होता. हनीफने बोल्ट सोडवले, वस्तू धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि टांग्यात बसला. परतीच्या वाटेवर फडकं मांडीवर होतं. नारायणगाव मागे पडलं, तेव्हा फडक्याच्या आत दांडा हळूच फिरला आणि थांबला. चुंबकाची ओढ असते, टांग्याचा धक्का बसला की फिरतो, हे हनीफला ठाऊक होतं. थोड्या वेळाने तो पुन्हा फिरला. तेव्हा टांगा नदीच्या उताराला, घोड्याला पाणी पाजायला उभा होता.

जुन्नरला येऊन त्याने मॅग्नेटो बसवला. वजीरने हँडल अर्धंच फिरवलं आणि गाडी सुरू झाली. एवढी गोड ती कधीच चालली नव्हती. शेठना शेजारी बसवून वजीर लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आला. शेठ इतके खूश झाले की त्यांनी वजीरच्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी गाडी दुकानात लावून वजीरने बटण बंद केलं. इंजिन थांबलं नाही. त्याने पुन्हा बंद केलं. हनीफने पेट्रोलची चावी फिरवली. नळीतलं पेट्रोल आत्ता संपेल, मग संपेल, म्हणून दोघं भाऊ वाट पाहत राहिले. बाहेर काळोख उतरला. इंजिन आपल्याच नादात, हलक्या आवाजात चालत होतं... भुंगा घुमल्यासारखं.

तेवढ्यात मागच्या घरातून बिबिजानने रोजच्यासारखी हाक दिली.

"या रे पोरांनो, जेवायला."

इंजिन थांबलं.

"भाईजान," वजीर हळूच म्हणाला, "चावी तर कधीचीच बंद आहे..."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीला कुणी हातही लावला नव्हता. तरी दिवे लागले आणि दुकानात घुमणं सुरू झालं. या वेळी बिबिजान स्वतः दारात येऊन उभी राहिली. ती बराच वेळ ऐकत होती. मग तिने हाक दिली, पण मुलांकडे पाहून नाही, गाडीकडे पाहून. आवाज तिथल्या तिथे थांबला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. हे कुठून आणलंस, असं तिने विचारलं, आणि हनीफने काही न लपवता सगळं सांगितलं.

"ही कुणाची तरी अमानत आहे, बेटा," ती म्हणाली. "जिची आहे तिला देऊन ये."

हनीफने वजीरकडे पाहिलं. नोकरी जाणार हे दोघांनाही कळत होतं. वजीरने मान खाली घातली आणि स्वतःच पाना काढून भावाच्या हातात दिला. हनीफने शेवटचा बोल्ट सोडवला, तेव्हा त्याच्या हाताला वस्तू एकदम हलकी लागली. आतलं काही निसटून गेल्यासारखी. आणि ती थंडगार होती.

दुसऱ्या दिवशी तो महाळुंग्याला पोचला तेव्हा ऊन पडलं होतं. गेणभाऊच्या घरातून धूर निघत होता, भाकरीचा वास येत होता. अंगण ताजं सारवलेलं होतं. अंबाबाई स्वतः बाहेर आली. तोंडावर हसू होतं. हनीफने फडकं पुढे केलं आणि माफी मागायला सुरुवात केली, पण तिने ते घेतलंच नाही.

"ऱ्हाऊ द्या आता ते," ती म्हणाली. "तुमचे लई उपकार झाले, मिस्तरी. त्या लोखंडात अडाकला व्हता, तुमी सोडवलात. काल दिवेलागणीला आला माजा कुंडलिक. पायी आला."

काल दिवेलागणीलाच हनीफने तो शेवटचा बोल्ट सोडवला होता.

"आत जेवतोय," अंबाबाई म्हणाली. "तुमीबी चला. दोन घास खाऊन जा."

आतून, चुलीपलीकडच्या अंधारातून, भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग कालवणाची वाटी सरकली. नंतर एक तरुण आवाज आला, अगदी साधा, शांत.

"कोन आलंय गं, आई?"

"जुन्नरचं मिस्तरी हायेत, बाळा," म्हणत अंबाबाई लगबगीने आत गेली.

हनीफने फडकं ओट्यावर ठेवलं. मागे फिरताना त्याला गेणभाऊ दिसला. तो गोठ्याच्या दाराशी बसला होता, मोडक्या गाडीला पाठ टेकून. अंगावर घोंगडी होती, दाढी वाढलेली होती. रात्रभर तो तिथेच असावा. हनीफ जवळ जाऊन बसला.

"मुलगा आला म्हणतात," हनीफ पुटपुटला. "तुम्ही घरात का नाही गेलात?"

गेणभाऊ बोलला तेव्हा त्याचा आवाज घरापर्यंत जाणार नाही, एवढा खाली होता.

"कुंडलिकला म्या ह्याच हातानं अग्नी दिला. त्ये सोडा. देव कुनाला परत धाडीत आसंल तर धाडू दे. पन माजा पोरगा डावखुरा व्हता, मिस्तरी. ल्हानपनी त्याच्या हातावर म्या लई मारलं, पन उजव्या हातानं त्यानं कंदी घास खाल्ला न्हाई..."

घरातून पुन्हा भाकरी मोडल्याचा आवाज आला.

"ह्यो उजव्या हातानं जेवतोय."

"आणि त्यांना... अंबाबाईंना ते दिसत नाही?"

"दिसतंय की. म्या सांगितलंबी तिला." गेणभाऊने घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. "ती म्हनली, तिकडं शिकला आसंल."