जुन्या हिवरगावावरचा ठिपका

ज्याला हे खोटं वाटेल त्याने बासरला उतरावं. तिथून नदीच्या काठाने दोन कोस वर नवं हिवरगाव आहे. घाटावर एकच नाव बांधलेली दिसेल. तिच्या मालकिणीला विचारावं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. रात्री माणसाला काहीही दिसतं.

तारीख ११ एप्रिल १९९४. सोमवार. दुपारचा सव्वा वाजलेला. आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता.

मालकिणीचं नाव जयवंताबाई. तेव्हा ती चाळिशीची असेल. खताची रिकामी पोती उसवून तिने स्वतः शीड शिवलेलं. मासे, चारा, कधी पल्याडच्या गावची माणसं... ती एकटी नाव चालवी.

धरण झालं तेव्हा जुनं हिवरगाव पाण्याखाली गेलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या जागेवर गाळ वर येई. काळा, गुळगुळीत, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. लोक त्याला ‘पाठ’च म्हणत. तिथे शिडाची नाव टेकली की टेकली. ढकलायला खाली उतरावंच लागे.

त्या सोमवारच्या तीन वर्षं आधी जयवंताबाईचा नवरा, महिपत, तिथे टेकला होता.

दुसऱ्या दिवशी नाव सापडली. शीड वर. महिपतच्या वहाणा नावेतच, जोडीने काढून ठेवलेल्या.

महिपत नव्हता.

पंधरा दिवस जाळी टाकली. काही लागलं नाही. मग बायकांनी तिला कुंकू पुसायला सांगितलं.

"मुडदा दाखवा," जयवंताबाई म्हणाली. "मंग पुसते."

ती पाठीकडे पुन्हा गेली नाही. भिऊन नाही. त्या जागेचं तोंड पाहायचं नाही, म्हणून.

१९९४च्या फेब्रुवारीत हैदराबादहून पाहणीवाले आले. धरणात गाळ कुठे साठतो, शिडाच्या नावा कुठे अडकतात, हे त्यांना बसल्या जागी कळायला हवं होतं. त्यांनी जयवंताबाईच्या नावेसकट तीन नावांवर एकेक पेटी बसवली. जेवणाच्या डब्याएवढी, वर बारीक दांडी. पेटी सारखी इशारा देई. वरून जाणारा उपग्रह तो टिपे. दिवसातून सात-आठ वेळा नाव कुठे आहे ते हैदराबादला कागदावर छापून येई.

त्यांचा इथला माणूस म्हणजे खुशाल. बाजारहत्नूरचा, मास्तराचा मुलगा, तिशीचा. दर आठवड्याला टपालाने कागद आले की तो नकाशावर लाल शाईने ठिपके देई.

दहा एप्रिलला, रविवारी, तो नकाशाची गुंडाळी घेऊन जयवंताबाईच्या दारात आला.

"मावशी, तुमी मले खोटं काऊन सांगितलं?"

"काय खोटं?"

"पाठीकडं जात नाई म्हनल्या ना? मंग हे काय हाय?"

त्याने नकाशा पसरला. रोज दुपारी साडेबाराला ठिपका घाटावरून निघत होता. सव्वाला पाठीवर. तिथे दोन तास थांबत होता. मग परत.

"कवापासून?" तिने विचारलं.

"एक तारखेपासून. रोज."

जयवंताबाई उठली. घरात गेली. खाटेखालून पेटी ओढून आणली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

"तीस तारखेला नावेची फळी फुटली. नाव वाळूवर उलथी पडून हाय, जाऊन पाहा. ही पेटी तवापासून या खाटेखाली हाय."

खुशाल पेटीकडे पाहत राहिला. तिच्यावरचा बारका लाल दिवा लागत होता... विझत होता.

लागत होता... विझत होता.

"यंत्र बिघडलं असंल," तो शेवटी म्हणाला. "भूतबित मी मानत नाई, मावशी. आमच्या घरात कोनीच मानत नाई."

"मी तरी कुठं मानते? पन माही नाव इथं पडली असून तिकडं कोन फिरून राह्यलं, ते मले पाहाचं हाय. फळी आज बसवली. सकाळी डांबर वाळते. चालते का उद्या?"

खुशालने नकाशा गुंडाळला. "चालतो."

सोमवारी साडेबाराला दोघं निघाली. पेटी नावेत, नेहमीच्या जागी. वारा चांगला होता. पोत्यांचं शीड टरारून फुगलं होतं. खुशाल मांडीवर नकाशा धरून बसला होता आणि नकाशाचा कोपरा फडफडत होता.

पाठ समोर दिसू लागली.

आणि कोपरा फडफडायचा थांबला.

खुशालने ओलं बोट वर धरलं. हवा जागच्या जागी. त्याने शिडाकडे पाहिलं.

शीड फुगलेलंच होतं...

"मावशी... वारा नाई."

"दिसून राह्यलं मले."

नाव सरळ पुढे चालली होती. जयवंताबाईने सुकाणू वळवलं. नाव वळली नाही.

खर्रर्र...

टेकली.

मग काहीच ऐकू येईना. टिटवी नाही. बगळा नाही. नावेच्या कडेला पाण्याची चुळचुळसुद्धा नाही. कानात बोळे घातल्यासारखं झालं.

आणि मग खालून... गाळाच्याही खालून... आवाज आला.

घर्र... घर्र... घर्र...

"मोटर?" खुशाल कुजबुजला.

"जातं," जयवंताबाई म्हणाली. "कोनी दळून राह्यलं."

वीस वर्षांपूर्वी बुडालेल्या गावात.

ती तिथेच कान देऊन उभी राहिली. किती वेळ, तिला कळलं नाही. भानावर आली तेव्हा खुशाल नावेच्या कडेवर बसला होता.

"मी उतरतो. ढकलून देतो. दोन मिंटाचं काम हाय."

आवाज झोपेतल्यासारखा. एक पाय बाहेर लोंबत होता.

तिची नजर त्याच्या मागे गेली. त्याच्या चपला... जोडीने, व्यवस्थित, काढून ठेवलेल्या.

जयवंताबाईने झेप घेतली. त्याची कॉलर धरली आणि त्याला मागे ओढलं. तो नावेत उताणा पडला.

"उतराचं नाई!"

"अन नाव मोकळी कशी होईन?"

"नाई झाली तं इथंच बसू. पन उतराचं नाई!"

त्याचा पाय जिथे पडणार होता, तिथे दोघांनी पाहिलं.

ओल्या गाळात एक पाऊल उमटत होतं. हळूहळू. कोणीतरी वजन टाकल्यासारखं.

माणूस नव्हता. फक्त पाऊल...

मग दुसरं. बोटं नावेकडे.

आणि अगदी जवळून, हात पोचेल एवढ्या अंतरावरून, आवाज आला.

"जयवंता... उतर. ढकलू लाग."

महिपतचा आवाज. तोच, तंबाखूने बसलेला, घोगरा.

तीन वर्षं. तीन वर्षं ती या आवाजासाठी घाटावर उभी राहत होती. तिचा एक हात नावेच्या कडेवर गेला. गुडघाही वर आला.

"जयवंता..."

आणि ती थांबली.

तिला राग आला. असा राग तिला जन्मात आला नव्हता.

"माह्या नवऱ्यानं बावीस वर्षांत एकडाव माहं नाव घेतलं नाई!" ती ओरडली. "आयकतं का म्हने. पोरायची माय म्हने. नाव नाई घेतलं! तू कोन हायस रे? त्याचा गळा तुले कोनं देल्ला?"

जातं थांबलं.

"बोल ना! आता काऊन गप झाला? कुठं हाय माहा मानूस?"

नाव एकाएकी खाली दबली. कोणीतरी कडेवर हात टेकल्यासारखी.

जयवंताबाईने कोयती काढली आणि शिडाचा दोर कापला. शीड कोसळलं. गाळाखालच्यांनी आणलेला वारा तिला नको होता.

"खुशाल, या बाजूला बस! आता त्या बाजूला! हालव नाव!"

दोघं वेड्यासारखी इकडून तिकडे अंग टाकू लागली. नाव डोलू लागली. तळाखालचा गाळ चुटचुट करू लागला. तिने बांबू उचलला आणि गाळात रोवून जोर लावला.

बांबू हातभर आत गेला... आणि खालून कोणीतरी तो धरला.

धरला, आणि ओढला.

खुशाल धावला. त्यानेही बांबूला मिठी घातली. जयवंताबाई शिव्या देत होती. आईमाईवरून, सात पिढ्यांवरून. गावात कधी न ऐकलेल्या शिव्या. "सोड! माहा बांबू हाय! माही नाव हाय! सोड म्हनते ना!"

खालची पकड सुटली.

नाव मागे घसरली. पाणी कडेला पुन्हा चुळचुळू लागलं. लांबवर एक टिटवी ओरडली.

अर्ध्या वाटेवर आल्यावर खुशालने बांबूचं टोक पाहिलं. हातभर गाळात गेलेलं टोक कोरडं होतं. त्याला पांढरं काहीतरी चिकटलं होतं. त्याने बोटाने काढलं.

ज्वारीचं पीठ.

गरम होतं...

घाटावर पोचताच खुशालने पेटी उघडून बॅटरी काढली. लाल दिवा विझला. त्याच संध्याकाळी पेटी बसने हैदराबादला पाठवली.

पुढच्या आठवड्याचे कागद आले. अकरा एप्रिल. साडेबाराला घाट, सव्वाला पाठ. बरोबर होतं.

परतीचा ठिपका नव्हता.

बारा तारीख, पाठ. तेरा तारीख, पाठ. चौदा, पाठ. पेटी हैदराबादच्या कपाटात, बॅटरीशिवाय. ठिपका इथे, रात्रंदिवस.

गावात बोभाटा झाला. बापूजी म्हणून गावातले जाणते म्हातारे होते. ते म्हणाले, "बाई, एक बोकड सोड तिथं. शांत होईन ते."

"आज बोकड देला तं उद्या मानूस मांगंन," जयवंताबाई म्हणाली. "एक कोंबडीचं पिल्लू भेटनार नाई त्यायले."

आणि दुसऱ्या दिवशी ती एकटीच निघाली. पाठीपासून चार हात दूर नाव उभी केली आणि ओरडली, "माहा मानूस कुठं हाय ते सांगा. नाईतं मी रोज येईन!"

पावसाळा लागेपर्यंत ती रोज गेली. कोणी उत्तर दिलं नाही.

जुलैत पाणी चढलं. पाठ तीस फूट खाली गेली. एका दुपारी खुशाल आला. नकाशा उघडला नाही.

"ठिपका हालला, मावशी."

"कुठं?"

त्याने नकाशा पसरला. पाठीपासून लाल ठिपक्यांची रांग निघाली होती. रोज थोडी थोडी पुढे. सरळ.

हिवरगावच्या घाटाकडे.

आठ दिवसांत बाकीच्यांनी आपल्या नावा दुसऱ्या घाटावर नेल्या. जयवंताबाईला सगळ्यांनी समजावलं. खुशालनेही हात जोडले.

"मी जागा सोडनार नाई," ती म्हणाली. "येऊ दे. मले त्याले विचाराचंच हाय."

ऑगस्टच्या शेवटी पाहणी संपली. कचेरीने त्या पेटीचा नंबर यादीतून काढला. शेवटच्या कागदावर ठिपका घाटापासून अर्ध्या कोसावर होता.

"आता कुठं असंल तो?" तिने विचारलं.

खुशालने खाली पाहिलं. "आता कोनी पाहत नाई, मावशी."

याला चार वर्षं झाली. तो ठिपका घाटावर आला, की येऊन पुढे गेला, की अजून वाटेत आहे... सांगायला कोणी नाही.

रोज दुपारी जयवंताबाई सगळ्यात खालच्या पायरीवर बसते. बांबू मांडीवर आडवा. लोक विचारतात, महिपतची वाट पाहता का?

"वाट नाई पाहत," ती म्हणते. "राखन करून राह्यली."

हे बोलताना ती पाण्यावरची नजर काढत नाही.