गाय काय म्हणाली?

सकाळी नऊच्या उन्हात, आमच्या गोठ्यामागच्या कुरणात एक धडधाकट तरुण पालथा पडलेला सापडेल, हे माझ्या नातीच्या ध्यानीमनी नव्हतं. ती आपली दुधाचे कॅन धुऊन वाळत घालायला निघाली होती. बघते तर काय, तांबडी गाय निवांत बसून रवंथ करतेय, आणि तिच्या तोंडासमोर हातभर अंतरावर हा... हनुवटी गवतात टेकवून, तिच्या डोळ्यांत डोळे घालून!

"जिवंत आहात ना?" नातीनं विचारलं.

"श्श..." तो मान न वळवता म्हणाला, "ती आता उठेल."

"कशावरून?"

"पावणेदोन तास झाले बसून."

"ती अकराच्या आत उठत नाही. तिचं पोट भरलंय. तुमचं भरलंय का?"

तेव्हा कुठे त्यानं मान वळवली. नाकाच्या शेंड्यावर गवताचं बी चिकटलेलं, शर्टावर दव. डोळे मात्र... मी मागच्या दारात उभी होते आणि मला लांबचं चांगलं दिसतं. डोळे चांगले होते.

माझ्या नातीला घरात ठिणगी म्हणतात. का, ते तिनं तोंड उघडलं की कळतं. लोक म्हणतात आजीवर गेलीय. लोकांना कधीकधी बरोबर कळतं.

"गाय उठताना बघायला कुणी येतं का?" ठिणगीनं कॅन खाली ठेवले. राग नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण कॅन तिनं हळूच ठेवले.

तो गवतात उठून बसला आणि सांगू लागला. म्हणे शहरात एक स्टुडिओ आहे, तिथे कॉम्प्युटरवर सिनेमे बनवतात, शेतावरच्या बोलणाऱ्या जनावरांचे. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचे, हसायचे. याच्याकडे गाय दिली होती. गाय चालत होती, बोलत होती, रुसत होती. फक्त उठली की सगळ्यांना वाटायचं काहीतरी चुकतंय. काय चुकतंय ते कुणालाच सांगता येईना.

"दाखवा," ठिणगी म्हणाली.

पेंडीच्या पेटीवर लॅपटॉप उघडला. मीही चष्मा शोधायच्या निमित्तानं जवळ सरकले. पडद्यावर एक गुबगुबीत गाय खिडकीतून स्वयंपाकघरात डोकावत होती. आत घरची माणसं चहा पीत बसलेली. गाय हुंकारून म्हणाली, "माझ्या दुधाचा चहा, आणि मलाच विचारायचं नाही?"

मला हसू आलं. आता यात हसण्यासारखं काय, पण आलं खरं.

मग ती गाय रुसून बसली आणि पुन्हा उठली. ठिणगीनं कपाळाला हात लावला. "अहो, ही पुढच्या पायांवर उठतेय! पुढच्या पायांवर घोडी उठते. गाय आधी मागचं अंग उचलते."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे असं." आणि आमच्या घराण्यातली ही पोरगी परक्या पुरुषासमोर गवतात गुडघे-कोपरं टेकून बसली, मागचं अंग उचललं, क्षणभर कोपरांवर थांबली, मग एक हात, मग दुसरा... अशी उठून उभी राहिली. ओढणीला चिखल, केसांत काडी.

तो बघत राहिला. कॅमेरा हातात होता, पण चालू करायचं भान राहिलं नव्हतं.

"पुन्हा एकदा कराल?" त्यानं विचारलं.

"अकरा वाजता तांबडी करेल," ठिणगी म्हणाली. "थांबा तोवर. आणि तिच्या वरच्या पुढच्या दातांचं काय करणार आहात? गाईला नसतात ते. तुमची तर बत्तिशी दाखवून हसतेय!"

तो एका दिवसासाठी आला होता. जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावर एक खोली रिकामी होती, तिथे बारा दिवस राहिला.

मी त्याचं नाव चित्रवाला ठेवलं. सकाळी धार काढायच्या वेळी हजर. गाईचा जबडा डावीकडून उजवीकडे कसा फिरतो, कान कधी टवकारते, शेपटी कधी नुसतीच उडवते... सगळं वहीत. सहा पिढ्या गाई सांभाळल्या आम्ही, पण त्याच्या प्रश्नांना कधीकधी माझ्याकडेही उत्तर नसायचं. मग मीही गोठ्यात जाऊन बघत बसायची. या वयात! सुनेला वाटलं माझं काही हरवलंय.

दोघांचा एक खेळ सुरू झाला. तो पडद्यावरच्या गाईचा आवाज बंद करायचा आणि म्हणायचा, "ओळख, काय म्हणतेय."

तुम्हीवरून तू कधी झालं, ते त्या दोघांनाही आठवत नसेल. मला आठवतं. पाचव्या दिवशी, वैरण टाकताना.

"ती म्हणतेय... बाबा आले," ठिणगी ओठांकडे बघून म्हणायची.

"चूक. मामा आले."

"ओठ तर तसेच हलले!"

"तसेच हलतात. प, ब, म... तिन्हींना ओठ मिटतात. आवाज नसला की बाबाचा मामा होतो."

"आणि त, द, न?"

"जीभ एकाच जागी लागते. ह तर दिसतच नाही. थांब, तू म्हणून दाखव. हळू... 'मनात'."

"मनात."

"अजून हळू."

"तुला काय बघायचंय नक्की?"

"ओठ," तो म्हणाला. मग कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "म्हणजे... कामासाठी."

"कामासाठी आरसा ठेव समोर," ठिणगी म्हणाली. पण शब्द मात्र तिनं आणखी हळू म्हणून दाखवला. मी खोकले. दोघंही एकदम वैरण टाकायला लागले. एका गाईपुढे दोघांची!

एक दिवस वयाची गोष्ट निघाली. ही त्याच्यापेक्षा सात महिन्यांनी मोठी निघाली. "मग मान ठेवून बोलत जा," हिनं ऐटीत सांगितलं.

"काय म्हणू मग? ताई?"

"म्हणून बघ, म्हणजे कळेल," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

तेराव्या दिवशी तो गेला. पुढचे दोन महिने फोन, आणि फोनवर लहान लहान तुकडे. गाय आता बरोबर उठत होती. वरचे दात गेले होते. ती आमच्या तांबडीसारखी हट्टीही दिसायला लागली होती. ठिणगी दर तुकडा मला दाखवायची आणि विचारायची, "काय म्हणतेय, ओळख." मला कधी जमलं नाही. तिला जमायचं.

मग एका सोमवारी ती गोठ्यात फोन कानाला लावून उभी होती. मी पलीकडे वासराला पाजत होते. कान काही मी बंद ठेवत नाही.

समुद्रापलीकडच्या एका स्टुडिओनं त्याला पुढच्या सिनेमासाठी बोलावलं होतं. दोन वर्षं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं.

"मग? जा की," ठिणगी म्हणाली. बोलताना दावं मात्र बोटाला गुंडाळत होती... सोडत होती... पुन्हा गुंडाळत होती.

तो पलीकडून काय म्हणाला ते मला नंतर कळलं. म्हणाला, "त्याआधी तुला एक सांगायचंय. तोंडानं जमत नाही. गाईकडून पाठवतो. तू काय म्हणतेस त्यावर मी ठरवीन."

मंगळवार गेला. बुधवारी दुपारी फोन वाजला. ठिणगीनं हात पुसले, एकदा बघितलं, दोनदा बघितलं, दहादा बघितलं. चेहरा असा उतरला की मला वाटलं कुणी गेलं की काय.

"काय झालं गं?"

"काही नाही."

संध्याकाळी तिनं एका गाईला दोनदा मीठ दिलं आणि दुसरीला दिलंच नाही. गुरुवारी दूध उतू गेलं आणि ती शेजारी उभी राहून बघत होती. शुक्रवारी सकाळी धारा उरकल्यावर मी तिचा हात धरला आणि तिला पेंडीच्या पेटीवर बसवलं.

"दाखव."

"आजी, तुला नाही कळणार."

"गाय आहे ना त्यात? मग मला कळेल."

तिनं फोन पुढे केला. पडद्यावर तीच गाय, एकटी, मोकळ्या कुरणात. आवाज नाही. तिनं मान वर केली, तोंड हलवलं, मान डावीकडे-उजवीकडे झटकली, आणि संपलं.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

ठिणगीनं गाईसारखेच ओठ हलवले. "'मला इथे करमतं, ताई.'" मग भडकली. "ताई! सात महिन्यांनी मोठी आहे म्हणून ताई! गाईच्या तोंडून मला बहीण करून टाकलं, आणि करमतंय म्हणे त्याला तिकडे!"

"तू काय कळवलंस?"

"जिथे राहशील तिथे सुखात राहा. भाऊ सुखी तर बहीण सुखी."

"आणि तो?"

"'बरं.' एवढंच."

मी म्हटलं, पुन्हा लाव. तिनं लावलं. पुन्हा लाव. तिसऱ्यांदा मी बोट ठेवलं. "इथे मान का झटकतेय ती?"

"माशी बसली असेल. तोच तर शिकून गेला ना, माशी बसली की गाय मान झटकते."

"मान झटकते, पण आधी काय हलवते?"

ठिणगीनं पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"आधी कान फडकवते, पोरी. कातडी थरथरवते. शेपटी मारते. एवढं करूनही माशी हटली नाही तरच मान. हिचे कान बघ, दगडासारखे स्थिर आहेत. ज्यानं बारा दिवस आपल्या गाईंचे कान वहीत उतरवले, तो हे विसरेल? ही माशी नाही. ती मान हलवून काहीतरी नाकारतेय."

ठिणगीनं फोन जवळ घेतला. ओठ हलवून स्वतःशीच म्हणून बघितलं. ताई... नाही... ताई... नाही... जीभ तिथेच लागत होती. ह दिसत नव्हता.

"मला इथे," ती अगदी हळू म्हणाली, "करमत नाही."

आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. माझा थोरला, म्हणजे तिचा बाप, दुधाची गाडी घेऊन शहराकडे निघतच होता. मी पदर खोचला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"आई, तू कुठे?"

"मला सिनेमा बघायचाय. पोरीला आत घे."

दीड तासाचा रस्ता. ठिणगी मध्ये बसलेली, अंगाला अजून गोठ्याचा वास, नखांत पेंड. वाटेत एकदाच बोलली. "आजी, आणि तुझं चुकलं असेल तर?"

"माझं गाईच्या बाबतीत चुकत नाही," मी म्हटलं. मग फोन मागून घेतला आणि त्या गाईचे कान पुन्हा एकदा बघितले.

स्टुडिओ म्हणजे पडदे ओढलेली एक लांबच लांब खोली. कानांवर हेडफोन लावलेली दहा-बारा माणसं, आणि प्रत्येकाच्या टेबलावर एक लहान आरसा. एकजण आरशात बघून कोंबडीसारखी मान पुढे-मागे करत होता, दुसरी ओठांचा चंबू करत होती. शहाण्या माणसांचा कारखाना! एका भिंतीवर आमची तांबडी. बसलेली, उठणारी, रुसलेली. तिच्या खाली, एका कोपऱ्यात, गवतातून उठणारी एक मुलगी. पेन्सिलनं काढलेली. केसांत काडी.

म्हणजे कॅमेरा बंद असला तरी याला सगळं दिसलं होतं.

तो शेवटच्या टेबलाशी खोक्यात वह्या भरत होता. वर बघितलं आणि उभाच राहिला.

"तुम्ही..." तो म्हणाला. "बसा ना."

तुम्ही! दारात उभ्या असलेल्या मलाही ते परकेपण टोचलं. ठिणगी बसली नाही.

"मी ताई वाचलं," ती म्हणाली.

"काय?"

"'नाही'च्या जागी. मला वाटलं, करमतं ताई."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ नकळत हलले, दोनदा. बाजूची चंबूवाली बाई फिस्सकन हसली आणि लगेच हेडफोन नीट करू लागली. तो हसला नाही.

"मी काल होकार कळवला," तो म्हणाला.

कोंबडीसारखी मान हलवणारा मान तशीच पुढे ठेवून थांबला.

आता इथे एक सांगते. आमच्या घरात एक वाक्य कुणी उच्चारत नाही. तिच्या आजोबांशी माझं एकदा बिनसलं, तर आम्ही दोघं एका छपराखाली पाच महिने निरोपानं बोललो. ते वाट बघत होते मी म्हणेन, मी वाट बघत होते ते म्हणतील. शेवटी म्हणालं कुणीच नाही. नुसतं जुनं झालं ते. म्हणून ठिणगीनं मान वर केली तेव्हा मला वाटलं, आता ही पाठ फिरवणार. माझीच नात.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं. राग आला आणि विचारलं नाही."

त्याच्या हातातली वही खोक्यात पडली.

"दोन वर्षं आहेत," तो हळूच म्हणाला. "थांबशील?"

"थांबायला मला वेळ नाही. धारा काढीन, गोठा झाडीन, वैरण कापीन. तू आलास की तिथेच असेन. याला थांबणं म्हणायचं तर म्हण."

"म्हणतो."

"आणि आता तोंडानं सांग. गाईकडून नको."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. कानाच्या पाळ्या लाल. आजूबाजूचे सगळे हेडफोन एव्हाना गळ्यात उतरले होते.

"मला..." तो म्हणाला, "तुझ्याशिवाय..."

मी तिथून निघाले. बाहेर माझा थोरला गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवत होता, दूध पोचवायला उशीर होतोय म्हणून.

"तू जा पोचवून," मी म्हटलं, आणि पायरीवर बसले. "इकडे वेळ लागणार आहे."