पिवळा ग्लास

केक कापून झाला, मैत्रिणी खाली खेळायला पळाल्या आणि ऋजुता पाण्याची बाटली घ्यायला स्वयंपाकघरात आली. ओट्यापाशी तिची आई, हेमांगी, मुलींचे उष्टे ग्लास ओळीने मांडून उभी होती. एकेका ग्लासच्या काठावरून काडी फिरवायची आणि साबणाच्या वडीएवढ्या यंत्रात खुपसायची, असं चाललं होतं.

"शी! आई, हे काय करतेयस?"

"ओरडू नकोस गं. मायामापक आहे हा."

मूल आईबापांशी किती घट्ट जोडलेलं आहे, हे म्हणे लाळेतून कळायचं. घरी माया मिळालेली मुलं मैत्रीही नीट निभावतात, असं संशोधक सांगत होते. दुकानदारांनी त्यातून मैत्रिणी पारखायचं यंत्र काढलं आणि सोसायटीतल्या आयांच्या त्यावर उड्या पडल्या. लोकांच्या पोरींची थुंकी गोळा करायची आणि वर त्याला काळजी म्हणायचं!

"म्हणून सरबत देताना सगळ्यांना विचारत होतीस, घरी आई कशी आहे?"

"आईचं नाव निघालं की लाळ बदलते. हा पिवळा ग्लास सोयराचा. बघ, शंभरात एकवीस! आई सदा दौऱ्यावर, पोरीला माया मिळणार कुठून? अशी मुलं उद्या केसाने गळा कापतात. सोमवारपासून तिच्या बाकावर बसायचं नाही. मी बाईंशी बोलते."

गेल्या वर्षी ऋजुताला वर्गात उलटी झाली, तेव्हा सगळ्या नाक धरून पळाल्या होत्या. सोयराने फडकं आणून फरशी पुसली होती, आणि मग ऋजुताचं तोंडही. तिला किळस आली नव्हती. ऋजुताला आता येत होती, स्वतःच्या आईची.

"आई, सोयराला सर्दी आहे. तिच्या ग्लासात बर्फ होता, म्हणून आम्ही प्यायच्या आधीच ग्लास बदलले. पिवळा मी प्यायले."

हेमांगीचा चेहरा उतरला. "आणि तुझा निळा... निळ्याचे शहाऐंशी आले."

"ते सोयराचे."

खालून सोयरा हाका मारत होती. हेमांगी डबडबल्या डोळ्यांनी लेकीकडे आली, दोन्ही हात पुढे करून. एका हातात नवी, कोरी काडी होती. ऋजुता मागे सरकली. आई जवळ घ्यायला येत होती, की पुन्हा मोजायला?