बिनचालकाची शर्यत

"अरे, थांब की जरा! मला दम लागलाय!" ओर्नेला मागून ओरडली.

"दम कसला? मी तर एका बोटाने ढकलतोय!" ईवोने ऐटीत बोट वर करून दाखवलं, आणि त्या बोटाकडे बघून तो स्वतःच चपापला. त्याची एकोणीस नंबरची कार्ट, शर्यतीची छोटी गाडी, खरंच एका बोटावर चालली होती. ओर्नेला मात्र आपल्या अठरा नंबरला खांदा लावून घामाघूम झाली होती.

फाएंझा शहराजवळच्या टेकड्यांमधल्या या छोट्या ट्रॅकवर सकाळी निवडीची शर्यत झाली होती. शरद ऋतूतल्या मोठ्या स्पर्धेला क्लबतर्फे एकच जण जाणार होता. चिठ्ठ्या टाकून कार्ट वाटल्या गेल्या आणि तेरा वर्षांच्या ईवोने आपल्या मावसबहिणीला, ओर्नेलाला, फेरीमागे चक्क अडीच सेकंदांनी हरवलं! तीन वर्षांत एकदाही न जमलेली गोष्ट! तेव्हापासून त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

कार्ट शेडमध्ये लावून सगळे जेवायला बसले. क्लबचे अध्यक्ष सिन्योर गार्दिनी पियादिनाचा, त्या भरल्या पोळीचा, मोठा घास घेत म्हणाले, "गाडी म्हणजे नुसतं लोखंड! शर्यत जिंकायला पाय लागतो, पाय! ईवोला तो आहे. ओर्नेलाचं बघू पुढच्या वर्षी."

ओर्नेलाने कलिंगडाची फोड न खाताच खाली ठेवली.

"पण गाडीच रखडत असेल तर?" तिच्या धाकट्या भावाने, झेनोने विचारलं.

मेकॅनिक ओरेस्तेकाका एकदम उसळले. "माझ्या सगळ्या गाड्या सख्ख्या बहिणी आहेत! अठराचा ब्रेक घासत होता, तो कालच बदलला मी. यादीत खूण केलीय!"

विषय संपला. ऑगस्टची दुपार, त्यात तुडुंब जेवण! पाच मिनिटांत मोठी माणसं अंजिराच्या झाडाखाली घोरू लागली.

ईवोचा मात्र डोळा लागेना. ते एक बोट काही डोक्यातून जाईना; ओर्नेलाच्या गाडीला मात्र अख्खा खांदा लागत होता. गप्प बसलं तर जागा त्याचीच होती. कुणाला कळणार होतं? पण त्याला स्वतःला कळलं असतं, आणि तीच तर पंचाईत होती. शेवटी तो उठला आणि त्याने दोघांना हलवलं.

"चला, शेडकडे!"

"का? अजून कौतुक ऐकायचंय का तुला?" ओर्नेला फणकारली.

"शर्यत लावायचीय. तुझी गाडी आणि माझी गाडी. आपण दोघं सोडून!"

शेडच्या दारापासून ट्रॅकपर्यंत लांब उतार होता आणि खाली पेंढ्याचे भारे रचलेले होते. तिघांनी दोन्ही कार्ट उतारावर आणल्या, स्टिअरिंग दोरीने सरळ बांधली. झेनोने रुमाल हलवला. "सोडा!"

एकोणीस सुसाट गेली आणि पेंढ्यावर धप्पकन आदळली. अठरा अर्ध्या उतारावरच हट्टी शेळीसारखी उभी राहिली! पुन्हा सोडली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच!

"ब्रेक बदललाय म्हणे!" ओर्नेला म्हणाली. "मग घासतोय काय, काकांचं नाक?"

गाड्या परत लावताना झेनो रांग मोजत निघाला. "पंधरा... सोळा... सतरा... अरेच्चा! सतराव्या जागी अठरा कशी?"

"असणारच! आपल्याकडे सतरा अपशकुनी ना! काका तो आकडा रंगवतच नाहीत. सोळानंतर एकदम अठरा," ईवो म्हणाला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आणि काका चष्मा विसरले की..." ओर्नेला हळूच म्हणाली.

"...दारापासून मोजत जातात! आणि अठरावी गाडी आहे..."

झेनोने पुढच्या कार्टवर थाप मारली. "एकोणीस! नवा ब्रेक ईवोच्या गाडीला बसलाय!"

तिघंही पोट धरून हसले. ईवोही हसला, मग म्हणाला, "उठवा सिन्योर गार्दिनींना आणि काकांना!"

झेनोने सिन्योर गार्दिनींना गदागदा हलवलं. "सिन्योर, शर्यत बघायला चला! कोण जिंकेल, सांगा बरं?"

"आं? चालवतंय कोण?"

"कोणीच नाही!"

डोळे चोळत ते आणि ओरेस्तेकाका शेडशी आले; दोन्ही कार्ट पुन्हा उतारावर उभ्या होत्या. रुमाल हलला. एकोणीस पेंढ्यात जाऊन घुसली, अठरा मध्येच थांबली.

"आता सांगा, सिन्योर," ओर्नेलाने कमरेवर हात ठेवले. "अठराचा पाय कुठे कमी पडला?"

सिन्योर गार्दिनी खाकरले. ईवोने रांग मोजून दाखवली, तसे ओरेस्तेकाका टोमॅटोसारखे लाल झाले. "इतकी वर्षं चुकवलं मी त्या सतराला! शेवटी गाठलंच मेल्याने!"

"पुन्हा शर्यत घ्या," ईवो म्हणाला. "दोघंही याच एकोणीसमध्ये, आळीपाळीने. तीन-तीन फेऱ्या."

"पोरा, जागा जाईल हं तुझी," सिन्योर गार्दिनी म्हणाले.

"गेली तर गेली! ते अडीच सेकंद ब्रेकचे आहेत, माझे नाहीत. माझे किती, ते मला बघायचंय."

ईवो आधी ट्रॅकवर उतरला. इतकी चांगली गाडी त्याने आयुष्यात चालवली नव्हती! मग ओर्नेला उतरली. झेनोने श्वास रोखला. सिन्योर गार्दिनींनी घड्याळ दोनदा पाहिलं.

"ओर्नेला पुढे. दोन दशांश सेकंदांनी!"

ईवोची जागा गेली, आणि ती त्याला फार फार हवी होती. पण ओर्नेलाने आनंदाने ठोकलेली आरोळी ऐकून त्यालाही हसू आलं.

सिन्योर गार्दिनींनी टोपी काढली. "ओर्नेला, सकाळी तुझ्याबद्दल बोललो ते चुकलं माझं. आणि ईवो, जिंकलेली जागा पणाला लावणारा मुलगा या क्लबात मी आजवर पाहिला नव्हता! दर शनिवारी सरावाला ये. गाडी तुझी तू निवड."

"पण सिन्योर, गाडी तर एकच होती!" ईवो अजून हिशेबातच अडकला होता. "मग ते दोन दशांश आले कुठून? ओर्नेला, सांग ना!"

ओर्नेलाने त्याचा हात धरला आणि त्याला ओढतच तिसऱ्या वळणावर नेलं. डांबरावर टाच आपटून ती म्हणाली, "इथून! इथे तू अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतोस. दरवेळी!"

"मी? छट्!"

"उचलतोस! घाबरट!"

ईवोने वळणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं, उचलतो," तो म्हणाला. "आता न उचलता कसं जायचं, ते दाखव."