शांत न होणारा दिवा

शेवगावच्या बाजारात प्रज्ञाने दिव्याचं एक साधं बटण घेतलं. लाल ठिपक्याचं नको, असं दुकानदाराला दोनदा बजावून. मग टेम्पोत बसून ती वस्तीवर, संस्कृतीच्या सासरी आली. नगरच्या हॉस्टेलात दोघी एका खोलीत राहिलेल्या. आणि त्याच संस्कृतीला सासरचे उद्या माहेरी नेऊन सोडणार होते, कायमचं. कारण काय, तर एक सीएफएल बल्ब.

सासरे रंभाजी ज्या खोलीत वारले, तीच नव्या सुनेला मिळाली होती. बटण बंद केलं तरी तिथला दिवा अंधारात लुकलुकायचा. या घरात दिवा कधी ‘विझवत’ नसत, ‘शांत’ करत. हा मात्र शांत होईना. भगत म्हणाला, सुनेच्या पायगुणानं म्हातारा अडकलाय.

“मावशी, अडकलाय तो करंट,” प्रज्ञा सासूला, रतनबाईंना म्हणाली. “बटणातल्या या लाल दिव्यातून थोडी वीज झिरपते, बल्बात साठते आणि मग चमकते. भगताला वायरिंगमधलं काय कळतं?”

“तुलाच लई कळतंय,” रतनबाई फणकारल्या. “बदल की. बगू.”

दिवेलागण झाली होती. मेन स्विच पाडून प्रज्ञाने बटण बदललं. मेन चढवला, दिवा लावला, बंद केला.

अंधार. भिंतींना अजून रंभाजींच्या मालिशच्या तेलाचा वास होता. दिवा काळाच राहिला.

“झाला ना शांत?” प्रज्ञा हसली.

तेवढ्यात तो लुकलुकला. सावकाश… झोपलेल्याने डोळा उघडावा तसा.

“बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलं असेल कुणी गाढवाने, म्हणून बंद करूनही वीज पोचतेय,” ती चिडली. पुन्हा मेन पाडला. मोबाईलचा टॉर्च संस्कृतीकडे दिला आणि काचेला न धरता, खालच्या प्लॅस्टिकला धरून बल्ब काढला. थंडगार होता. तिच्या हातात, कुठल्याही तारेविना, तो पुन्हा उजळला.

“टाक त्ये!” रतनबाईंनी तिच्या हातावर फटका मारला. फरशीवर काचेचा चुरा झाला.

“झाडू नको! पारा असतो त्यात. खिडक्या उघडा, बाहेर चला.”

खिडक्या उघडून, दार ओढून घेऊन तिघी अंगणात उभ्या राहिल्या.

“वारा आत फिरू दे, पाव तास तरी,” प्रज्ञा म्हणाली.

“आत्याबाई… मी गेले तर होईल का शांत?” संस्कृतीने हळूच विचारलं.

रतनबाईंनी बंद दाराकडे पाहिलं.

“तू कुठेही जायचं नाहीस,” प्रज्ञा उसळली. “माझं बटण हरलं असेल, मी नाही. आत कुणी असेल तर असो! त्याचा जाब हिने का द्यायचा?”

मग पुठ्ठा, चिकटपट्टी, झाकणाची बरणी आणि संस्कृतीकडून टॉर्च घेऊन तिने दार ढकललं. टॉर्चच्या उजेडात फरशी स्वच्छ दिसली. काचांचा नीट ढीग भिंतीशी लावलेला होता.

“मालक…” रतनबाईंचा आवाज चिरकला. “कुनाच्या पायात जाऊ न्हाई म्हनून असंच गोळा करायचे.” त्यांनी ढिगाला हात जोडले. “उद्याचा टेम्पो नको म्हनून सांगत्ये. पोर कुटं जायची न्हाई.”

प्रज्ञाने टॉर्च संस्कृतीकडे वळवला. तिच्या डोक्यावरच्या पदरावर बल्बातली पांढरी भुकटी होती. चार बोटांच्या ठशात उमटलेली, आशीर्वादाला हात ठेवावा तशी.

संस्कृतीचा हात वर गेला.

“झटकू नकोस…” प्रज्ञा कुजबुजली. “पारा आहे त्यात…”

चारच बोटं होती. अंगठा त्यांच्या डोळ्यांदेखत उमटला.