तिसरी फेरी

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. माझ्या नणंदेच्या बाबतीत घडलंय हे. तेही भर दुपारी, दवाखान्याच्या तळघरात.

ताई सीटी स्कॅन काढते. पोटात रक्त कुठं वाहतंय हे शोधायचं तर तीन फेऱ्या घ्याव्या लागतात. पहिली साधी. दुसरी शिरेतून औषध सोडल्यावर लगेच. तिसरी मिनिटभर थांबून. रक्त हळूहळू झिरपत असेल तर पांढरा ठिपका तिसरीतच दिसतो.

गेल्या वर्षी एका आजींची तिसरी फेरी ताईनं गाळली. आधीच्या दोन स्वच्छ होत्या, आणि बाहेर रांग कुरकुरत होती.

टेबलावरून उतरताना आजींनी विचारलं होतं, "पोरी, झालं एवढ्यात?"

"झालं आजी. सुटलात."

पहाटे आजी गेल्या... आतल्या आत रक्त वाहून.

ताईनं ते तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. गिळून टाकलं.

मग या उन्हाळ्यात एक ट्रकवाला आला. रक्ताच्या उलट्या होऊन पांढराफटक पडलेला. शुद्ध नाही, घशात नळी. दाराशी त्याची बायको, कडेवर तान्हं.

दोन फेऱ्या झाल्या. काहीच दिसेना.

काचेअलीकडं ताईशेजारी उभे असलेले डॉक्टर म्हणाले, "बीपी खचतंय. काढा बाहेर."

ताईचा हात बटणाकडे गेला...

आतला आवाज ऐकवणारा स्पीकर खरखरला.

"पोरी, झालं एवढ्यात?"

काचेपलीकडं तो एकटाच माणूस. घशात नळी असलेला.

ताईनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचं लक्ष घड्याळाकडे. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं.

"तिसरी घेते," ताई म्हणाली.

"टेबलावरच गेला तर?"

"न घेता गेला तर?"

एक मिनिट. ताई सांगते, तेवढं लांब मिनिट तिनं आयुष्यात पाहिलं नाही.

आणि आतड्याच्या एका वळणावर... पांढरा ठिपका.

मांडीतून बारीक नळी घालून डॉक्टरांनी ती रक्तवाहिनी आतूनच बंद केली. पंधरवड्यानं ट्रकवाला स्वतःच्या पायांनी घरी निघाला. जाताना खाली येऊन म्हणाला, "बाई, पोटातला चोर तुम्ही पकडलात म्हणे."

ताईला हसू आलं नाही. पकडणारी ती नव्हतीच.

आता ती एकही फेरी गाळत नाही. तरीही...

परवा लेकीला न्हाऊ घातलं. टॉवेलात गुंडाळून छातीशी धरत मी लाडानं म्हटलं, "झालं गं माझ्या राणीचं, झालं."

ताईनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. तळवा गारठला होता.

"तो शब्द नको गं वहिनी," दाराकडे बघत ती हळूच म्हणाली. "त्या विचारतात."