सावळघाटातला उसना किस्सा

सावळघाटाच्या मधल्या वळणावर माझ्या सायकलची चेन तुटली, तेव्हा आमचा ग्रुप बराच पुढे निघून गेला होता. दोन हजार तीन सालचा डिसेंबर. साडेआठ वाजले तरी दरीतलं धुकं हललं नव्हतं. चढावर जोर लावत गिअर बदलू नये, हे रंगनाथकाकांनी मला शंभरदा सांगितलं होतं, आणि मी शंभरदा मान डोलावली होती.

तुटकी चेन हातात घेऊन मी कठड्यावर बसले. तेवढ्यात खालून एक सायकल आली. गिअरचीच, पण मागे कॅरिअरवर पोतं बांधलेलं. चालवणारा तिशीच्या आतला, सावळा, कानटोपी घातलेला. तो थांबला, आणि माझ्याआधी त्याने चेनकडे पाहिलं.

"तुटलेली कडी आहे, की पडली?"

"आहे... पण जोडायची कशी, ते नाही माहीत."

त्याने खिशातून एक बारकं हत्यार काढलं, चेनची पिन ढकलली, मोडकी कडी काढून टाकली आणि उरलेली टोकं जुळवली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"एक कडी कमी झालीय. सगळ्यात मोठ्या चक्रावर टाकू नका."

"तुम्ही कुठल्या ग्रुपचे?" मी विचारलं.

"ग्रुप नाही. घरी चाललोय."

तो दिनेश गावित. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात, साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूमला होता. पंधरा दिवसांतून एकदा पेठच्या अलीकडच्या करंजपाड्याला घरी जायचा, सोमवारी दुसरी पाळी धरून परत यायचा.

"एवढं लांब सायकलवर? एस.टी. नाही का?"

"आहे की. पण पोतं पाहिलं की कंडक्टर तोंड वाकडं करतो." त्याने काळे झालेले हात गवताला पुसले. "सायकल काही बोलत नाही."

मी हसले. तोही हसला... आणि मग उगाचच पोत्याची दोरी घट्ट करू लागला. ती आधीच घट्ट होती.

घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीवर आमचे लोक वाट पाहत होते. सगळे गंगापूर रोडचे, दर रविवारी कुठेतरी सायकली घेऊन निघणारे. एकदा बसलो की चहा संपायचा, पण किस्से संपत नसत. रंगनाथकाका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा तंबू एका वादळात किल्ल्यावरून उडून खालच्या गावातल्या लग्नाच्या मांडवावर जाऊन पडला होता, म्हणे. सार्थकला जंगलात बिबट्या दिसला होता. तो बिबट्या कुत्रा निघाला, हे सांगायला तो दर वेळी विसरायचा आणि आम्ही आठवण करून द्यायचो.

"तुमचा काही अनुभव?" सार्थकने दिनेशला विचारलं. "उघड्यावर राहण्याचा?"

"आम्ही दर वर्षी दिवाळीनंतर लासलगावकडे कांद्याच्या कामाला जायचो. अख्खं घर. शेताच्या कडेला प्लॅस्टिकचा कागद बांधून चार-पाच महिने." त्याने बशीत चहा ओतला. "त्याला कॅम्पिंग म्हणतात, हे सातपूरला आल्यावर कळलं."

सगळे हसले. मग हसावं की नाही, असं झालं. पण तो स्वतः मजेत हसत होता, त्यामुळे पुन्हा सगळे हसले.

"योगिनी, तुझा तो डोंगरावरचा सांग," काका म्हणाले. "यांनी ऐकलेला नाही."

मी सांगितला. तो मला पाठच होता. एकटीच पाठीवर सॅक घेऊन पेठकडच्या डोंगरात गेले होते, संध्याकाळी धुक्यात वाट चुकली, एका कपारीत बसून रात्र काढली. भीती म्हणून वाटली नाही. सकाळी खाली उतरले तर एका म्हाताऱ्या बाईने काही न विचारता नागलीची भाकरी पुढे केली.

दिनेश मान खाली घालून ऐकत होता. "भाकरीबरोबर काय होतं?"

"चटणी. खुरासणीची."

"बरोबर," तो हळूच म्हणाला.

पुढचा रस्ता उताराचा होता. बाकीचे सुसाट गेले. मी मोठं चक्र टाळत मागे राहिले आणि तोही राहिला. मग तो म्हणाला, "ती माझी आजी. कुसाबाई. भाकरी मीच नेऊन दिली होती. दहा वर्षांचा होतो."

माझे हात ब्रेकवर घट्ट झाले.

"आणि ज्याला दिली..." तो समोर रस्त्याकडेच पाहत होता, "त्याला मिशा होत्या."

करंजपाड्याचा फाटा आला, तो वळला. वळताना त्याने हात केला, मी केला नाही.

त्यानंतरचे दोन रविवार मी गेले नाही. घरी सर्दीचं कारण दिलं. तिसऱ्या रविवारी गेले, तर तो नव्हता आणि मला त्याचंच वाईट वाटलं. स्वतःचाच रागही आला. मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून निघाले. मी एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंगं काढायचे. समोर फुटपाथवर तो सायकल धरून उभा होता.

"रंगनाथकाकांकडून पत्ता घेतला," तो म्हणाला. "मी तेव्हा बोलायला नको होतं. ते सांगायला आलोय, एवढंच."

त्याने माफी मागावी आणि खोटं मी बोललेली... मला ते सहन झालं नाही. आम्ही सायकली हातात धरून चालत राहिलो आणि मी सगळं सांगून टाकलं.

मिशा बाबांच्या. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात ते फिटर होते. सुट्टी मिळाली की सायकल, पाठीवर कॅनव्हासची पिशवी आणि डोंगर. परत आले की आठवडाभर जेवताना त्यांचे किस्से चालायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आईने ती पिशवी माळ्यावर टाकली आणि घरात डोंगराचं नाव निघेनासं झालं.

"मी एक रात्रसुद्धा उघड्यावर झोपलेली नाही," मी म्हणाले. "सगळे किस्से त्यांचे आहेत."

"मग त्यांच्या नावाने का नाही सांगत?"

"सांगून पाहिले. लोक लगेच विचारतात, आता कसे आहेत? मग सगळे गप्प होतात. किस्सा राहतो बाजूला. माझ्या नावाने सांगितला की लोक हसतात. बाबांच्या किस्स्याला लोकांनी हसायला हवं ना..."

चालता चालता त्याने माझी बाजू बदलून मला रस्त्याच्या आतल्या कडेला घेतलं. मागून ट्रक येत होता.

"मला त्यांना भेटायचंय," ट्रक पुढे गेल्यावर तो म्हणाला. "आजी अजून विचारते, सायकलवाला भाऊ का येत नाही म्हणून."

"नको. ते कुणाला भेटत नाहीत. तोंड वाकडं झालंय, त्याची लाज वाटते त्यांना. कुणी आलं की रुमाल धरून बसतात."

"बरं," तो म्हणाला. हट्ट केला नाही, रागावलाही नाही. तो त्याच्या रस्त्याने गेला, आणि मला घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं, की त्याने थोडा तरी हट्ट करायला हवा होता.

फेब्रुवारीत, एका शनिवारी, मी एकटीच करंजपाड्याला निघाले. आईला खरं ते सांगितलं. ती कणीक मळत होती. "तूही का आता?" एवढंच म्हणाली, आणि डब्यात दोन पोळ्या जास्त बांधल्या.

कुसाबाई अंगणात नागली पाखडत होती. पाठीत वाकलेली, पण नजर धारदार. मी कुणाची मुलगी ते सांगितलं, तर तिने सूप खाली ठेवलं आणि माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"हां. नाक त्याचंच हाय."

मी म्हटलं, मला डोंगरावर त्या कपारीत झोपायचंय. एकटीला.

"एकटी नाय," ती म्हणाली, आणि घोंगडी काढून माझ्या आधी चालायला लागली. सत्तरी कधीच उलटली असेल तिची. मी सॅक घेऊन धापा टाकत मागे, ती अनवाणी पुढे. कपारीपाशी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. खाली पाड्यातला धूर सरळ वर चढत होता.

"इथंच बसले होते बाबा माझे?"

"इथंच. लय वरडत होता. खाली आमाला ऐकू आलं, मंग आमचा म्हातारा दिवटी घेऊन वर आला. रडत होता तो. म्हने, घरी पोरगी हाय माझी बारकी."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. "पण ते तर म्हणायचे, भीती वाटलीच नाही. रात्रभर एकटाच होतो."

कुसाबाईला हसू आवरेना. "रात्रभर आमच्या चुलीपाशी झोपला होता. मंग दर साली यायचा. डोंगर नावाला. आमच्या अंगनात पडून राहायचा, म्हाताऱ्याशी गप्पा हानायचा, दोन दिवसांनी जायचा. बेस मानूस."

म्हणजे आम्ही जेवताना डोळे मोठे करून ऐकलेले निम्मे पराक्रम या अंगणातले होते. मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. बाबांनी गोष्ट वाढवून सांगितली होती, कारण ताटावर बसलेल्या मला ती तशी आवडायची. किस्सा फुगवून सांगण्याची जी खोड मी इतके दिवस लाजेने लपवली होती, ती त्यांच्याकडूनच आली होती.

ती रात्र मी उघड्यावर काढली. चांदणं, थंडी वगैरे सगळं होतं, पण लक्षात राहिलं ते कुसाबाईचं घोरणं.

सकाळी आम्ही उतरत होतो तर दिनेश चढून वर येत होता. पहाटेच नाशिकहून निघालेला, घामाने भिजलेला. आम्ही डोंगरावर असल्याचं त्याच्या आई-वडिलांनी घरी सांगितलं, तसाच वर आला होता.

"घाबरलात?" त्याने विचारलं.

"थोडी. तुमच्या आजी घोरतात."

"आम्हाला सवय आहे." मग जरा थांबून, "मला कळवलं असतं तर..."

"तर तुम्ही आला असता."

"आलो असतो."

"म्हणून नाही कळवलं," मी म्हणाले. त्याचा चेहरा पडला. तो पडलेला पाहून मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. "पुढच्या रविवारी घरी या. बाबांना भेटायला. मी विचारते त्यांना."

घरी जाऊन मी बाबांना माझ्या रात्रीची हकीकत सांगितली, घोरण्यासकट, आणि दिवटी घेऊन आलेल्या म्हाताऱ्यासकट. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा बघतो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. दोन वर्षांत आम्ही तो ऐकला नव्हता. आई धावत बाहेर आली. बाबा हसत होते.

रविवारी दिनेश आला, इस्त्रीचा शर्ट घालून. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते, तोंडाशी रुमाल. तो समोर स्टुलावर बसला आणि जणू कालच भेटले असावेत तसा बोलायला लागला. आजीचा गुडघा दुखतो, यंदा नागली बरी झाली, आजोबा मागच्या वर्षी गेले. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यांनी रुमाल वर नेला, आणि मग तो परत तोंडाशी आणलाच नाही.

मी चहा घेऊन आले तेव्हा दिनेशची पाठ माझ्याकडे होती.

"काका, एक सांगायचंय," तो म्हणत होता. "मला योगिनी आवडतात. त्यांना अजून बोललो नाही. तुमचा-आमचा समाज वेगळा, तुम्हाला चालेल की नाही ते माहीत नाही. म्हणून आधी तुम्हालाच विचारतोय."

बाबांनी डावा हात उचलला आणि दाराकडे दाखवला. दिनेशने वळून पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"किती ऐकलंत?"

"गुडघ्यापासून सगळं."

तो उभा राहिला. काय करावं ते न कळून पुन्हा बसला. "मग...?"

कप किणकिणायला लागले होते. मागून आई आली. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आता काय म्हणते, याची मला धास्ती वाटली. तिने बाबांकडे पाहिलं, बराच वेळ. मग माझ्या हातातला ट्रे काढून घेतला.

"हा मी धरते," ती म्हणाली. "तू त्याला उत्तर दे."

मी 'हो' म्हणाले. इतक्या हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं. आणि दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा माझ्या आधी बाबाच मान हलवून मोकळे झाले.